एका लिथियम सेलवर चालणारा फोम कटर: तार जोडण्याआधीचे गणित आणि जोडणीचा क्रम

नायक्रोमची (निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची) बारीक तार तापवून थर्मोकोल कापणारा कटर घरी तयार करणाऱ्यांत अभियांत्रिकीचे विद्यार्थी, इमारतींची मॉडेल बनवणारे आणि विमानांच्या प्रतिकृती उडवणारे असे अनेक जण असतात, आणि त्यांचे कटर बहुधा एकाच पद्धतीने बिघडतात. आधी सेल विकत घेतला जातो, मग हाताशी असेल तेवढी तार त्याला जोडली जाते, आणि तार लाल होऊन तुटली किंवा सेल चटका देऊ लागला की ‘व्होल्टेज जास्त झाले’ असे निदान केले जाते. प्रत्यक्षात व्होल्टेज सेलच्या रसायनाने ठरवून दिलेले असते. आपल्या हातात असतो तो तारेचा रोध. म्हणून या लेखातला क्रम उलटा आहे: आधी तार, मग सेल, आणि बटण सर्वांत शेवटी.

एक लिथियम सेल, एक बटण आणि कमी रोधाची तापणारी तार हेच सर्किट ई-सिगारेटमध्येही असते. २०१९ च्या कायद्याने तिचे उत्पादन, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर देशभर बंदी आहे, त्यामुळे तिच्या सुट्या कॉइल शोधत बसू नये. इस्त्री-हीटर दुरुस्त करणाऱ्याकडची साधी तार या कामाला अधिक बरी पडते. थर्मोकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, म्हणून मखराचा विचार येथे केलेला नाही. पॅकिंगमधून निघालेले तुकडे आणि मॉडेलसाठी मिळणाऱ्या एक्सपीएस (दाट पॉलिस्टायरिन फोमच्या) शीट एवढीच या कटरची कामे गृहीत धरली आहेत.

१. साहित्य जमवणे

नागपूरच्या सीताबर्डीतील इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानांत पुढील वस्तू मिळतात: ३० नंबरची नायक्रोम तार, १८६५० आकाराचा एक लिथियम-आयन सेल आणि त्याचा होल्डर, संरक्षण सर्किट असलेले टीपी४०५६ चार्जिंग मॉड्यूल, २ अँपिअरचा काचेचा फ्यूज व त्याचा होल्डर, किमान ३ अँपिअर क्षमतेचे दाबून धरायचे पुश बटण, ०.७५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, गिझरला वापरतात तसा चिनी मातीचा कनेक्टर आणि एक लहान स्प्रिंग. यांखेरीज मल्टिमीटर हवाच. तो नसेल तर तो आणेपर्यंत काम सुरू करू नये.

तारेच्या नंबरात एक फसगत आहे. बाजारात नंबर सांगताना बहुधा ब्रिटिश गेज अभिप्रेत असते, ऑनलाइन विक्रीत मात्र अनेकदा अमेरिकन गेज छापलेले असते. ब्रिटिश ३० नंबरच्या तारेचा व्यास सुमारे ०.३१५ मिलिमीटर असतो आणि अमेरिकन २८ नंबर जवळजवळ तेवढाच, म्हणजे ०.३२ मिलिमीटर भरतो. म्हणून नंबरापेक्षा व्यास विचारावा.

बटणाच्या बाबतीत चूक उलट दिशेने होते. छापील सर्किटवर बसणारे चौकोनी टॅक्ट स्विच स्वस्त आणि नीटस दिसतात, पण त्यांची क्षमता साधारण ५० मिलिअँपिअर असते. त्यातून १.२ अँपिअर गेले की आतला पत्रा चिकटतो, आणि बोट काढले तरी तार तापतच राहते.

इशारा: पंख्याचा रेग्युलेटर किंवा डिमर लावून घरातील २३० व्होल्टवर उघडी तार चालवण्याचे प्रयोग पाहायला मिळतात. रेग्युलेटरने तारेची उष्णता कमी होते, पण विजेच्या धक्क्याचा धोका तसाच राहतो. हा मार्ग पूर्णपणे वर्ज्य समजावा.

२. तारेची लांबी गणिताने ठरवणे

नायक्रोमची रोधकता सुमारे १.१ मायक्रोओहम-मीटर असते. त्यावरून ब्रिटिश गेजच्या ३० नंबरच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे १४ ओहम, २८ नंबरचा सुमारे १० ओहम आणि २६ नंबरचा सुमारे ६.७ ओहम येतो. आपल्या कटरसाठी ३० नंबरची २५ सेंटिमीटर तार घेतली, तर रोध ३.५ ओहम होईल.

ओहमचा नियम (व्होल्टेज भागिले रोध म्हणजे विद्युतधारा) दहावीपर्यंत सगळ्यांनी शिकलेला असतो. अडचण तो वापरण्याच्या वेळी येते. लिथियम-आयन सेल पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो. ४.२ ला ३.५ ने भागले की विद्युतधारा १.२ अँपिअर येते, आणि व्होल्टेज गुणिले विद्युतधारा केले की शक्ती सुमारे ५ वॅट येते. सेल मध्यावर, म्हणजे ३.७ व्होल्टवर असताना हीच तार १.०६ अँपिअर घेऊन ३.९ वॅट उष्णता देते, आणि ३.२ व्होल्टपर्यंत उतरल्यावर जेमतेम २.९ वॅट उरतात. व्होल्टेज पाव हिश्शाने घटले, पण उष्णता चाळीस टक्क्यांहून अधिक घटली, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. शेवटी शेवटी कटर ‘सुस्त’ होतो तो यामुळे. तार जुनी झाली म्हणून नव्हे.

आता सर्वांत महागात पडणारी समजूत पाहू. तार लहान केली म्हणजे सेलवरचा भार कमी झाला, असे अनेकांना वाटते. तार निम्मी, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर केली, तर रोध १.७५ ओहम होतो, विद्युतधारा दुप्पट होऊन २.४ अँपिअरवर जाते आणि एकूण शक्ती १० वॅटवर पोहोचते. हे १० वॅट निम्म्या लांबीत मावायचे असल्यामुळे प्रत्येक सेंटिमीटरवरची उष्णता आधीच्या चौपट होते. आठ सेंटिमीटरपर्यंत कापलेली तार जवळपास पावणेचार अँपिअर ओढते आणि लालबुंद होते. लहान कटर हवा असेल तर तार लहान करून भागत नाही. अधिक बारीक तार घेऊन गणित पुन्हा मांडावे लागते.

याच कारणाने दोन तारा समांतर जोडू नयेत, कारण एकूण रोध निम्मा होतो; आणि ‘थोडा जोर यावा’ म्हणून दोन सेल मालिकेत जोडू नयेत, कारण त्याच ३.५ ओहमवर ८.४ व्होल्ट आले की शक्ती ५ वरून २० वॅटवर उडी घेते.

३० नंबरच्या सरळ ताणलेल्या तारेत स्थिर हवेत १ ते १.३ अँपिअर विद्युतधारा असेल, तर ती लाल न होता थर्मोकोल सहज वितळवते. आपले १.२ अँपिअर या पट्ट्यात बसतात. २५ सेंटिमीटरची लांबी ठरते ती यावरून. फ्रेमच्या लाकडाच्या मापावरून ती ठरवू नये.

तपासणी: नायक्रोमऐवजी तांब्याची वायर कधीही लावू नये. त्याच जाडीच्या २५ सेंटिमीटर तांब्याचा रोध ०.०६ ओहमच्याही आत असतो, म्हणजे सेलच्या दृष्टीने ते सरळ शॉर्टसर्किट होय.

३. सेलची निवड

गणितातून आलेली विद्युतधारा हातात असल्याशिवाय सेल घेण्यास जाऊ नये. सेलवर दोन स्वतंत्र आकडे असतात आणि त्यांची गल्लत होते. मिलिअँपिअर-तास हा आकडा सेलमध्ये किती साठा आहे ते सांगतो. सतत किती अँपिअर सुरक्षितपणे काढता येतील, हे त्याच्या माहितीपत्रकातील दुसरा आकडा सांगतो. नामांकित उत्पादकाचा २६०० मिलिअँपिअर-तासाचा साधा सेल साधारण ५ अँपिअरपर्यंत चालतो, त्यामुळे आपले १.२ अँपिअर त्याला हलके आहेत. सेल पूर्ण भरलेला असेल तर सलग दोन तासांच्या आसपास काम होते, आणि बटण मध्ये मध्ये सोडले जात असल्याने व्यवहारात त्याहून अधिक.

१८६५० या आकड्याचा अर्थ १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी एवढाच आहे. या आकारात खरी क्षमता ३५०० मिलिअँपिअर-तासाच्या आसपास संपते; ज्या सेलवर ९९०० छापलेले असते, तो हातात न घेता परत करावा. ज्याने क्षमतेचा आकडा खोटा छापला, त्याने अँपिअरचा आकडा खरा छापला असेल असे मानण्याचे कारण नाही.

जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेलही अनेक जण वापरतात. माझ्या मते पहिल्या कटरसाठी हा मोह टाळावा. तरी वापरायचाच असेल तर व्होल्टेज मोजावे, आणि ते २.५ च्या खाली गेलेले आढळले तर सेल चार्ज करून ‘जिवंत’ करण्याच्या फंदात पडू नये. अशा खोल उतरलेल्या सेलमध्ये आतले तांबे विरघळून पुढे अंतर्गत शॉर्टसर्किट होण्याचा धोका राहतो.

सेलचे प्लास्टिकचे वेष्टन नीट न्याहाळावे. सेलचा संपूर्ण धातूचा डबा ऋण टोक असतो, वरच्या कडेसकट. धन टोकाची टोपी आणि ही कड यांच्यात जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे अंतर असते आणि त्यावर कागदाची पातळ पांढरी चकती बसवलेली असते. वेष्टन नेमके त्या कडेवर फाटले असेल आणि होल्डरची पत्ती थोडी तिरकी असेल, तर तार न जोडताही शॉर्टसर्किट होते. फाटलेले वेष्टन चिकटपट्टीने झाकू नये. नवी हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी चढवावी किंवा सेल बदलावा.

इशारा: सेल किल्ल्या किंवा सुट्या नाण्यांबरोबर खिशात ठेवू नये. दुकानातून आणतानाही तो प्लास्टिकच्या डबीतच आणावा.

४. मोजून खात्री करणे

तार २७ सेंटिमीटर कापावी, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर कनेक्टरमध्ये जाईल. मल्टिमीटर २०० ओहमच्या टप्प्यावर ठेवून आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवावे. पडद्यावर शून्य येत नाही. प्रोबच्या वायरींचा स्वतःचा रोध, बहुधा ०.३ ते ०.५ ओहम, दिसतो. तो लिहून ठेवावा आणि पुढच्या मापातून वजा करावा. मोठ्या रोधाच्या मापनात ही चूक दिसत नाही, परंतु ३.५ ओहमच्या तारेत अर्धा ओहम म्हणजे चौदा टक्क्यांचा फरक होतो.

प्रोब तारेवर बरोबर २५ सेंटिमीटर अंतरावर घट्ट दाबावे. वजाबाकीनंतर ३.२ ते ३.८ ओहम आले तर पुढे जावे. १.७ किंवा २.५ असा आकडा आला तर तारेची जाडी चुकलेली आहे किंवा ती नायक्रोमच नाही. नायक्रोमचा एक गुण येथे उपयोगी पडतो: तापल्यावर तिचा रोध फारच थोडा, काही टक्क्यांनीच वाढतो, त्यामुळे थंड तारेवर घेतलेले माप गरम तारेच्या हिशेबालाही चालते. विजेच्या जुन्या पिवळ्या बल्बच्या फिलामेंटला हा हिशेब लागू पडत नाही, कारण त्याचा रोध तापल्यावर दहापटीच्या पुढे जातो.

इशारा: रोध मोजताना सेल सर्किटमध्ये असू नये. याहून घातक चूक म्हणजे मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात ठेवून प्रोब थेट सेलच्या दोन टोकांना लावणे. अँपिअर मोजताना मीटरचा स्वतःचा रोध जवळजवळ शून्य असतो, म्हणजे ते मापन राहत नाही, शॉर्टसर्किट होते. स्वस्त मीटरवर त्या भोकाशेजारी ‘अनफ्यूज्ड’ असे बारीक छापलेले असते ते याच कारणाने. काम संपताच लाल वायर व्होल्टच्या भोकात परत लावण्याची सवय ठेवावी.

५. जोडणीचा क्रम

फ्रेमबद्दल फार लिहिण्यासारखे नाही: कोरड्या लाकडाची धनुष्याकृती किंवा इंग्रजी यू अक्षरासारखी फ्रेम पुरते. तार मात्र एका टोकाला स्प्रिंगने ताणलेली असावी. तापल्यावर २५ सेंटिमीटर तार सुमारे १ मिलिमीटर वाढते, आणि स्प्रिंग नसेल तर तेवढी ढिलाई कापलेल्या कडेवर लाटेसारखी उमटते. स्प्रिंगमधून विद्युतधारा नेऊ नये. तिचे काम ताणण्याचे, वहनाची वायर वेगळी.

नायक्रोमला सोल्डर धरत नाही. वर चिकटलेला गोळा दिसतो, पण आत पकड नसते आणि दोन दिवसांत तो सुटतो. म्हणून तारेची दोन्ही टोके चिनी मातीच्या कनेक्टरमध्ये स्क्रूने आवळावीत. प्लास्टिकची कनेक्टर पट्टी तारेच्या उष्णतेने मऊ पडते. सेलवर थेट सोल्डरिंगही करू नये, कारण सोल्डरिंग गनच्या उष्णतेने आतील सील आणि पडदा बिघडतात, होल्डरच वापरावा.

पुढील जोडणी होल्डर रिकामा असतानाच करावी.

पहिल्यांदा होल्डरची धन वायर फ्यूजमधून मॉड्यूलच्या ‘बी प्लस’ बिंदूला आणि ऋण वायर ‘बी मायनस’ला जोडावी. फ्यूज सेलच्या जितका जवळ तितका चांगला, कारण त्याच्या अलीकडच्या वायरीला तो वाचवू शकत नाही.

त्यानंतर मॉड्यूलच्या ‘आउट प्लस’पासून बटण, बटणापासून तारेचे एक टोक आणि तारेच्या दुसऱ्या टोकापासून ‘आउट मायनस’ असा मार्ग पूर्ण करावा. येथे चूक अशी होते की तार ‘बी’ बिंदूंवरच जोडली जाते. कटर तसाही चालतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण मग संरक्षण सर्किट वाटेत उरत नाही आणि सेल २.५ व्होल्टच्या खालीही उतरत जातो. ज्या मॉड्यूलवर ‘आउट’चे बिंदूच नाहीत, त्यात संरक्षण सर्किट नसते, ते या कामासाठी घेऊ नये.

तपासणी: सेल घालण्याआधी होल्डरच्या दोन पत्त्यांमध्ये बटण न दाबता रोध मोजावा. काही ओहमच दिसले तर कुठेतरी शॉर्ट आहे. सेल घालताना धन-ऋण खुणा दोनदा पाहाव्यात. सेल उलटा बसला तर मॉड्यूल क्षणात जळते.

६. पहिली चाचणी

चाचणी फरशीवर, पडदे आणि कागदांपासून दूर करावी. बटण न दाबता सेलच्या टोकांवर व्होल्टेज मोजावे, मग बटण पाच सेकंद दाबून त्याच टोकांवर पुन्हा मोजावे. ४.१५ चे ४.०५ झाले तर सेल उत्तम आहे. घट ०.४ व्होल्टच्या पुढे गेली तर सेलचा अंतर्गत रोध वाढलेला आहे. असा सेल आपली उष्णता तारेऐवजी स्वतःच्या पोटात निर्माण करतो आणि तो बदललाच पाहिजे.

यानंतर अर्धा मिनिट बटण दाबून ठेवावे, सोडावे, आणि होल्डरची स्प्रिंग, फ्यूजची टोके व बटण यांना बोट लावून पाहावे. यांपैकी जी जागा गरम लागेल तेथील जोड सैल आहे. तार लाल दिसत असेल तर लांबी किंवा जाडी चुकली आहे. अंधाऱ्या खोलीतही ती लाल दिसता कामा नये.

सेलमधून फुसफुस आवाज, गोडसर वास किंवा फुगवटा जाणवला, तर शक्य असेल तेवढ्या लवकर कटर अंगणात ठेवून दूर व्हावे. पेट घेतल्यास भरपूर पाणी ओतून थंड करावे, धूर श्वासात घेऊ नये आणि शांत झालेला सेल पुन्हा घरात आणू नये.

७. कापताना

तार पुढे ढकलू नये. ती आपल्या गतीने वितळवत जाते, हाताने फक्त दिशा द्यायची. तार मागे धनुष्यासारखी वाकत असेल तर हात घाई करतो आहे. कापलेल्या फटीत बोटभर खड्डा पडत असेल तर हात फार सावकाश आहे किंवा तार जास्त तापली आहे.

नागपूरच्या उन्हाळ्यात याला एक विशेष अडचण जोडली जाते, ती कूलरची. कूलरचा झोत तारेवर येत असेल तर तीच १.२ अँपिअरची तार बरीच थंड राहते, कारण वाहती हवा उष्णता पळवते. मग कटर चालत नाही असे वाटून तार आखूड केली जाते, आणि कूलर बंद होताच ती लाल होऊन तुटते. काम करताना कूलरचे तोंड वळवावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि लांबीत बदल करण्याआधी चाचणी नेहमी स्थिर हवेत घ्यावी. खिडक्या उघड्या हव्यातच, कारण तापलेल्या पॉलिस्टायरिनचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो.

इशारा: मॉडेलसाठी मिळणारा सनबोर्ड पीव्हीसीचा असतो, तो या तारेने कापला तर हायड्रोजन क्लोराइडचा तिखट वायू निघतो. गादीचा पॉलियुरेथेन फोमही या कटरने कापू नये, कारण जळताना त्यातून त्याहून विषारी वायू निघू शकतात. कोणता तुकडा कशाचा आहे हे ठाऊक नसेल तर तो पात्याने कापावा.

८. चार्जिंग आणि साठवण

टीपी४०५६ मॉड्यूल साधारण १ अँपिअरने चार्ज करते आणि ४.२ व्होल्टवर थांबते. चार्जिंग चालू असताना कटर वापरू नये; तार विद्युतधारा ओढत असल्यामुळे मॉड्यूलला सेल भरल्याचा अंदाज येत नाही.

लिथियम-आयन सेल चार्ज करण्याची कमाल तापमानमर्यादा बहुतेक माहितीपत्रकांत ४५ अंश सेल्सिअस दिलेली असते. मे महिन्यात नागपुरात सावलीतला पारा याच आकड्यापाशी असतो, आणि त्यात मॉड्यूल स्वतःही एक-दीड वॅट उष्णता बाहेर टाकते. त्यामुळे उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे किंवा थंड खोलीत करावे, मॉड्यूल सेलला चिकटवून बसवू नये, आणि दुपारी गच्चीवरच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत कटर ठेवू नये. चार्जिंग लावून घराबाहेर जाऊ नये किंवा झोपू नये.

महिनाभर काम नसेल तर सेल ३.७ ते ३.८ व्होल्टवर आणून होल्डरमधून काढावा आणि प्लास्टिकच्या डबीत ठेवावा. निकामी सेल कचरागाडीत टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार तो वेगळा द्यायचा असतो. ई-कचरा घेणाऱ्याकडे देण्याआधी त्याच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावावी.